मेणातलं माप

आमचे दाजी दात करतात. काढणारे डॉक्टर वेगळे. डॉक्टर तोंडाचं माप घेतात, त्यावरून प्लॅस्टरचा जबडा ओततात, आणि तो जबडा डब्यात बसून आमच्या दाजींकडे येतो. दाजी त्यावर मेणात दात घडवतात, मग तो पक्क्या मालात उतरवतात, भट्टीत भाजतात आणि घासूनपुसून परत पाठवतात. दाढेवरची टोपी असो, नाहीतर अख्खी कवळी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. मी त्यांची एकुलती एक मेहुणी. शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते आणि मला राग लवकर येतो. का येतो ते पुढे कळेलच.

दाजींच्या तोंडी एकच वाक्य कायमचं राहायला आलंय: "होतंय की!" घरातली कुठलीही वस्तू मोडली की हे वाक्य ऐकू येतं, आणि पाठोपाठ दाजी गुलाबी मेणाचा पातळ पत्रा घेऊन हजर. मोडक्या वस्तूवर मेण दाबायचं, ठसा घ्यायचा आणि त्यावरून नवा तुकडा ओतायचा. ताईच्या मिक्सरचं बटण त्यांनी कवळीच्या मालात केलंय. माझ्या व्हॅनच्या गिअरची मूठ तुटली, तीही त्यांनीच करून दिली, पण रंग हिरड्यांचा! शाळेतली कारटी तिला बघून खिदळतात. मी भांडले, तर म्हणाले, "मूठ हातात बसते ना? मग रंग कशाला बघायचा?" 

ताईची आणि त्यांची गाठ पडली तीसुद्धा धंद्यातच. ताई तेव्हा दंतवैद्यकाच्या सामानाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. दाजी दर दोन दिवसांनी प्लॅस्टरची गोणी न्यायला यायचे. एक गोणी महिनाभर पुरते हे ताईला ठाऊक होतं. "मला कळेना, हा माणूस प्लॅस्टर खातो की काय!" असं ती अजून सांगते. लग्नानंतर या घरात आली तर मागच्या खोलीत गोण्यांची भिंतच उभी! ती भिंत संपायला बरीच वर्षं गेली.

ती मागची खोली म्हणजेच दाजींचा कारखाना. खिडकीला लागून लांब टेबल, टेबलावर छोटी भट्टी, प्लॅस्टरमधले बुडबुडे काढायची थरथरती पाटी, मेणाच्या सुऱ्या आणि दातांच्या रंगांचे नमुने. खोलीत सतत जळक्या मेणाचा वास. दाजी सकाळी शीळ घालत आत शिरतात आणि जेवायला हाक मारावी लागते. या माणसाला मी रिकामा बसलेला कधी पाहिला नाही. सुट्टीच्या दिवशीसुद्धा शेजाऱ्यांच्या कुलपाची किल्ली घडवत बसतात.

तर एक दिवस डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. एरवी त्यांचा माणूस डबे घेऊन येतो. दाजींचं बहुतेक काम याच बाईंचं. बाकीचे डॉक्टर केव्हाच मोठ्या लॅबकडे गेले होते, या एकट्या टिकून होत्या. चहा हातात घेतला आणि आडपडदा न ठेवता म्हणाल्या, "दाजी, मी माप घ्यायचं मशीन घेतलंय. तोंडात छोटा कॅमेरा फिरवला की जबडा कॉम्प्युटरवर येतो. आता प्लॅस्टर बंद. तुमच्याकडे फाईल येईल, दात कॉम्प्युटरवरच घडवायचा आणि फाईल परत पाठवायची. त्यावरून माझ्याकडचं मशीन दात कापेल, रंग आणि चकाकी तुम्हीच द्यायची."

"होतंय की!" दाजी म्हणाले.

"होतंय म्हणू नका, करून दाखवा. एक जबडा पाठवते. शुक्रवारी दात घडवून द्या. जमलं तर काम तुमचंच. नाही जमलं, तर मला मोठ्या लॅबला द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका, मलाही पेशंट सांभाळायचेत."

बाई सरळ आहेत, म्हणून तर मला आवडतात. पण त्या गेल्या आणि ताईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "हे काम गेलं तर मागची खोली बंद," ती म्हणाली. "पैशाचं बघू गं, माझे हातपाय चालतात. पण हे घरात नुसते बसले ना, तर सहा महिन्यांत म्हातारे होतील. मी ओळखते यांना." ताई सहसा घाबरत नाही. ती घाबरली म्हणून मीही घाबरले.

आता दाजींचा कॉम्प्युटर काय लायकीचा, तेही ऐका. एक ऑफिस बंद पडलं तेव्हा तिथलं सामान विकायला निघालं होतं, त्यातला हा अरुंद डबा. त्यावर दाजी बिलं छापायचे आणि पत्ते खेळायचे. बाईंनी दिलेलं सॉफ्टवेअर त्यात कसंबसं शिरलं. जबड्याची फाईल उघडली, तर अर्धी दाढ दिसली आणि सगळं थिजलं. त्यानंतर दाजींनी आंघोळ केली, बाहेर आले, तरी अर्धीच दाढ!

नवा कॉम्प्युटर घ्यायची सोय नव्हती. भट्टी नुकतीच बदलली होती, आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं. तेव्हा जुन्याच डब्यात नवे भाग घालायचे ठरले. दाजींनी झाकण उघडलं, आत टॉर्च मारला आणि त्यांचा चेहरा असा खुलला की मला संशयच आला. "अगं, हे तर माझंच काम! हा मोठा बोर्ड आहे ना, तो जबडा. बाकी सगळे दात. जबडा तोच ठेवायचा, किडके दात काढायचे आणि मापाचे नवे बसवायचे. आधी जबडा, मग दात. यात अवघड काय?"

आणि काढलं की हो मेण!

मेमरीची पट्टी उपसून मेणावर दाबली. प्रोसेसर, म्हणजे त्या डब्याचा मेंदू, अलगद उचलला, पावडर लावून त्याचाही ठसा घेतला आणि स्पिरिटने पुसून परत बसवला. डब्याच्या आत चित्रं दाखवणाऱ्या कार्डासाठी किती लांब, किती उंच जागा आहे, ते मेणाच्या कांडीने मोजलं. मी म्हटलं, "दाजी, तीच पट्टी खिशात घालून दुकानात न्या की! हा खटाटोप कशाला?" तर माझ्याकडे बघून म्हणतात, "पेशंटचा जबडा उपटून बाजारात नेतात का?" ताई पदरात तोंड लपवून हसत होती. मी व्हॅनची किल्ली उचलली.

सुट्या भागांचं दुकान म्हणजे एक लांबट बोळ, वरपासून खालपर्यंत खोक्यांनी भरलेला. मालकाला सगळे चष्मेवाले म्हणतात, कारण एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर. त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "बोर्ड कुठला आहे?"

दाजींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी बरोबर आणलेला दातांचा छोटा डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि मेणाचे तुकडे गल्ल्यावर मांडले. चष्मेवाल्यांनी कपाळावरचाही चष्मा खाली ओढला. "हे काय, साबण?"

"माप आहे," दाजी ऐटीत म्हणाले. "काढा मेमरी."

खरं सांगते, पुढचा तासभर बघण्यासारखा होता. मेमरीच्या पट्टीला खाली एक खाच असते आणि दर पिढीत ती थोडी सरकते, हे मला त्या दिवशी कळलं. पहिली पट्टी मेणातल्या ठशावर ठेवली, तर खाच इकडे आणि ठसा तिकडे. दुसरी मात्र टपकन बसली. मग चष्मेवाल्यांनी चित्रं भराभर हलवणारं ग्राफिक्स कार्ड काढलं, दोन पंख्यांचं, चांगलं वीतभर धिप्पाड. "हे घ्या, सगळे हेच नेतात." दाजींनी कांडी लावली. "लांबीला जास्त, उंचीलाही जास्त. आणि याला वेगळी वायर लागते. माझ्या डब्यातला वीज देणारा भाग एवढासा, स्टिकर वाचून आलोय मी. नाकापेक्षा मोती जड! निम्म्या उंचीचं दाखवा, बोर्डातूनच वीज घेणारं." तेही मिळालं. फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी न फिरणारी, झटपट चालणारी एसएसडी घेतली. शेवटी प्रोसेसर. चष्मेवाल्यांकडे वापरलेला होता, पुढच्या पिढीतला, दाजींच्या जुन्यापेक्षा कितीतरी दमदार. दाजींनी तो ठशावर ठेवला. कडेच्या दोन्ही खाचा अगदी जिथल्या तिथे!

"बसतो खरा," चष्मेवाले म्हणाले, "पण बोर्डाचा नंबर सांगितलात तर..."

"अहो, माप घेतलंय ना! माप कधी खोटं बोलत नाही." आणि दाजींनी पैसे पुढे केले. मीही अशी फुगले होते म्हणता, जणू माप मीच घेतलंय. येताना व्हॅनमध्ये दोघं मोठमोठ्यांदा गाणी म्हणत आलो.

घरी आल्याबरोबर दाजींनी सगळं बसवलं. हात काय चालतात त्या माणसाचे! जुना प्रोसेसर कवळीच्या रिकाम्या डबीत कापसात ठेवला, नवा बसवला, वर थंडाव्याची पेस्ट लावली, पंखा घट्ट केला. मेमरी, कार्ड, डिस्क, सगळं टकटक जागेवर गेलं. कुठे जोर नाही की खेचाखेच नाही. "बघ धाकटे," म्हणाले आणि बटण दाबलं.

पंखा फिरला. दिवा लागला. पडदा काळा.

"वायर सैल असेल." वायर काढून लावली, तरी काळा. मेमरी काढली, पुसली, घातली. काळा. कार्ड काढलं, घातलं. काळाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी प्रत्येक भाग उचलून परत ठशावर ठेवून पाहिला, आणि प्रत्येक भाग बसत होता, हीच तर रडकथा! मी सकाळची फेरी संपवून डोकावले तर दाजी खोलीत होते, पण शीळ ऐकू येत नव्हती. 

बुधवार गेला. गुरुवारी दुपारी माझं डोकं फिरलं. "चला दुकानात, आत्ताच्या आत्ता!"

"काय सांगू जाऊन? माप चुकलं म्हणू? चुकलेलं नाहीये!"

"मग विचारा, का चालत नाही म्हणून!"

"मी विचारायला जाऊ? परवा त्यांच्यासमोर एवढा तोरा मिरवला, आणि आज..."

"ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं!" मी ओरडले. "उद्या बाईंना काय, मेणाचा कॉम्प्युटर दाखवणार? तुमच्या तोऱ्यापायी ताईच्या डोळ्याला डोळा नाही, दिसतंय का तुम्हाला?" दाजीही उसळले. आवाज एवढा चढला की शेजारची खिडकी उघडली. उघडू दे, मला कुणाची भीती आहे!

ताई दारात येऊन उभी राहिली. तिने आवाज अजिबात चढवला नाही. "अहो, एखादी कवळी तुमच्या साच्यावर चपखल बसते आणि तोंडात मात्र बसत नाही. असं होतं की नाही?"

"होतं कधीकधी."

"तेव्हा डॉक्टरीणबाई काय करतात?"

"काय करणार? पेशंटला विचारतात, कुठे टोचतंय." दाजी बोलता बोलता उठले. मग टॉर्च घेतला, डब्यात डोकं घातलं, बोर्डावरचा बारीक नंबर वाचला आणि पेनाने तळहातावर लिहून घेतला. चपला घालून माझ्याआधी व्हॅनमध्ये जाऊन बसले.

दुकानात त्यांनी तळहात गल्ल्यावर पसरला आणि म्हणाले, "हा बोर्डाचा नंबर. सगळं मापात बसतंय, पण चालत नाही. मला कळत नाहीये. सांगा." दाजींच्या तोंडून "मला कळत नाही" हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. त्या क्षणी मला त्यांची इतकी माया आली की मघाची सगळी बडबड गिळून टाकावीशी वाटली.

चष्मेवाले हसले नाहीत, भला माणूस. म्हणाले, "प्रोसेसर बसतो, पण तुमचा बोर्ड त्याला ओळखत नाही. बोर्डाच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम असतो, बायॉस म्हणतात. कुठल्या प्रोसेसरशी कसं बोलायचं, ते त्याला माहीत असतं. तुमचा बोर्ड आधीचा, हा पाहुणा नंतर आलेला. जुना प्रोसेसर ठेवलाय ना?"

"ठेवलाय. कवळीच्या डबीत."

चष्मेवाल्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "असो. तो परत बसवा, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होईल. मग बोर्डाच्या कंपनीने दिलेला नवा बायॉस त्यात घाला. तो शिकला की मग नवा प्रोसेसर बसवा. फक्त शिकत असताना वीज जाऊ देऊ नका, नाहीतर बोर्डच मेला समजा." कंपनीच्या साइटवरून फाईल उतरवून त्यांनी पेनड्राइव्हवर दिली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन जुना प्रोसेसर बसवला आणि पडदा उजळला. पहिला अडथळा गेला. आता बायॉस. आमच्या घरात भट्टी आणि इस्त्री एकदम लावली की फ्यूज उडतो, म्हणून ताईने भट्टीचा खटका बंद केला आणि त्याच्यापुढे पाठ लावून उभी राहिली. मी मीटरपाशी. शेजारच्या काकू पीठ मागायला आल्या, त्यांनाही मी दारातच थोपवलं. "काकू, आत्ता नाही, आत ऑपरेशन चाललंय." त्या बिचाऱ्या घाबरून परत गेल्या. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. दाजी हात मागे बांधून उभे होते, कारण हात पुढे असले तर ते काहीतरी करतीलच, हे त्यांना स्वतःबद्दल माहीत आहे. पट्टी भरली. नवा प्रोसेसर बसवला. बटण दाबलं. पडदा उजळला, आणि आम्ही तिघांनी असा गलका केला की काकू परत आल्या.

रात्रीत जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि शुक्रवारी सकाळी फाईल उघडली. अख्खा जबडा आला, आणि दाजींनी माऊस हलवला तसा गरागरा फिरला. पेशंटबाई जिन्यावरून पडल्या होत्या, वरचे पुढचे दोन दात गेलेले. पण फाईलबरोबर आणखी काहीतरी होतं, फोटो. एक आत्ताचा, ओठ घट्ट मिटलेला. दुसरा पडण्याआधीचा, कुठल्यातरी बाकावर बसून मनसोक्त हसतानाचा. दाजी खुर्चीत मागे टेकले. "प्लॅस्टरला चेहरा नसतो गं," म्हणाले. "आजवर एवढे दात केले, कुणाचे केले ते दिसलंच नाही." 

मग कामाला लागले. दुपारी मी परत आले तेव्हा दोन्ही दात घडले होते. मी वाकून पाहिलं. "दाजी, हा डावा वाकडा झालाय. थोडा उजव्यावर चढलाय."

"चढवलाय. जुन्या फोटोत बघ."

बघितलं. हसताना एक दात दुसऱ्यावर किंचित चढलेला. "पण डॉक्टरीणबाईंनी काय लिहिलंय? सरळ रांग हवी. आज परीक्षा आहे तुमची, आज तरी शहाणपणा नको ना!" मी हात जोडायचे बाकी ठेवले होते. दाजींनी माझं ऐकलं नाही. फाईल पाठवून दिली.

थोड्या वेळाने फोन वाजला. ताईने स्पीकर लावला. डॉक्टरीणबाईंचा आवाज कडक होता. "दाजी, काम वेळेत आलं, छान. पण डावा दात वाकडा आहे. दुरुस्त करून पाठवा."

"पाठवतो. सरळसुद्धा करून ठेवलाय, दोन मिनिटांत पाठवतो," दाजी म्हणाले. "पण बाई, एक विनंती आहे. दोन्ही दाखवा पेशंटबाईंना आणि विचारा. ते माझं चुकलंय की नाही, हे तुम्हाला नाही कळणार आणि मलाही नाही."

"त्या इथेच बसल्यात. बघते," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मी ताईकडे पाहिलं, ताईने भिंतीकडे. शाळा सुटायची वेळ होत आली होती, व्हॅनची किल्ली माझ्या हातात होती, पण पाय निघत नव्हता. एका वाकड्या दातापायी हातचं काम घालवलं, असं मी मनात दाजींना किती वेळा सुनावलं असेल! ते मात्र टेबल पुसत होते, पुसलेलंच पुन्हा पुसत होते.

पुन्हा फोन. "दाजी, सोमवारी आणखी दोन जबडे पाठवते," बाई म्हणाल्या. "आणि मला अजूनही सरळच बरा वाटतो, सांगून ठेवते. पण दात त्यांचा आहे. पुढच्या वेळी असं काही करायच्या आधी मला विचारा."

"विचारीन. नक्की विचारीन." दाजींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "त्या काय म्हणाल्या?"

"काहीच नाही म्हणाल्या. पडल्यापासून इथे येतात तेव्हा तोंडावर हात ठेवूनच बोलतात. आज मी दोन्ही दाखवले, तर त्यांनी तुमच्या दातावर बोट ठेवलं आणि हसल्या. हात न ठेवता हसल्या."

दाजी रडले. मीही रडले, चांगली हमसून. ताईने आम्हा दोघांना पाणी दिलं, आणि त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले.